शुक्रवारी आई लक्ष ठेवायची

आमच्याकडे शुक्रवार म्हणजे ‘मामादाख’. इथल्या बऱ्याच आया आठवड्यातले चार दिवस नोकरी करतात आणि एक दिवस मुलाबरोबर घरी राहतात, त्या दिवसाला हे नाव आहे. ऐकायला फार गोड वाटतं. माझा मामादाख मात्र धुणं, झाडलोट आणि शनिवार-रविवारच्या भाज्या यांतच जायचा आणि अडीच वर्षांची लेक दिवसभर पायात घोटाळायची. नवरा शुक्रवारी वरच्या खोलीतून काम करायचा. तो घरात असून नसल्यासारखाच, कारण त्याची एक मीटिंग संपली की दुसरी सुरू व्हायची.

आम्ही बेस्ट नावाच्या डच गावात राहतो, आइंडहोवन शहराला लागून. आजूबाजूला पुण्या-मुंबईची बरीच घरं आहेत, पण सगळ्यांचीच आमच्यासारखी तारांबळ. म्हणून मी आईला कामाला लावलं. आई नाशिकला एकटी असते. माझ्या सकाळी, म्हणजे तिच्या दुपारी, मी टॅबलेट सोफ्यावर उशीला टेकवून ठेवायची, आई त्यात येऊन बसायची आणि लेक तिच्यासमोर खेळणी मांडायची. ‘‘लक्ष ठेव गं,’’ एवढं म्हणून मी स्वयंपाकघरात जायची. गॅसपाशी लेक येऊ नये म्हणून दार लोटून घ्यायची.

आई हे काम मन लावून करायची. दुपारची झोप तिने त्यासाठी सोडली होती. ‘‘तोंडात काहीतरी घातलंय बघ तिनं,’’ अशी हाक आली की मी हातातला झारा घेऊनच धावायची, आणि खरोखरच लेकीच्या तोंडातून बटण निघायचं. लेक तिच्याशी अर्धं डचमध्ये बोलायची, आई मराठीत उत्तर द्यायची आणि दोघींचं छान चालायचं. मी तर ओळखीपाळखीच्या बायकांना ही युक्ती शिकवतही होते.

सोफ्याच्या खोलीतच ड्रॉवरचं एक उंच कपाट होतं आणि त्यावर आमचं देवघर. भाड्याच्या घरात देवाला दुसरी जागाच नव्हती. ईशान्येला तेवढीच भिंत मोकळी होती, आणि ती दिशाही आईनेच मला फोन हातात घेऊन घरभर फिरायला लावून ठरवली होती. देवघर सागवानी, चांगलं जड, साड्यांमध्ये गुंडाळून बॅगेतून आणलेलं. संध्याकाळी दिवा लावला की लेकीला त्यातल्या वाटीतली खडीसाखर मिळायची.

कपाट भिंतीला बांधायची पट्टी त्याच्याबरोबरच आली होती. माझा नवरा कंपनीत केसापेक्षाही बारीक मापांत काम करतो. त्याने कपाट पातळीत आहे की नाही हे दहा वेळा तपासलं. पण घरमालकाला भिंतीला भोक पाडलेलं चालत नसे, म्हणून पट्टी पिशवीतच राहिली. लेकीला तपासणीला न्यायचो तिथल्या नर्सनेही एकदा विचारलं होतं, कपाटं बांधली आहेत ना? मी ‘हो हो’ म्हणून वेळ मारून नेली. मनातून चिडले होते. ही माणसं भर वाऱ्या-पावसात पोरांना सायकलवर बसवून नेतात, आणि मला कपाटाचं विचारतात.

त्या शुक्रवारी मी आमटीचा कुकर लावला होता आणि गॅसवरचा धूर ओढणारा पंखा जोरात चालू होता. टॅबलेटचा आवाज मी बारीक करून ठेवला होता, कारण इथल्या लाकडी घरात खालचा शब्द न् शब्द वर ऐकू जातो आणि नवऱ्याची कसलीशी महत्त्वाची मीटिंग होती. पुढचं मला आईकडून कळलं, तेही तुकड्या-तुकड्यांनी.

लेकीने खालचा ड्रॉवर ओढला, मग त्याच्यावरचा ओढला आणि जिन्यासारखं करून ती वर चढली. तिला खडीसाखरेची वाटी हवी होती. आईने मला हाका मारल्या. त्या माझ्यापर्यंत पोचल्या नाहीत. दुसरा फोन लावायचा तर चालू असलेला व्हिडिओ बंद करावा लागला असता, आणि तेवढा वेळही नजर हटवायचा तिला धीर झाला नाही. लेकीला ओरडावं तर ती दचकायची. एव्हाना कपाट पुढे डुलायला लागलेलं आईला दिसत होतं.

तेव्हा आईने हाका मारायचं थांबवलं. ‘‘आजी कुठंय? शोध बघू,’’ असं नेहमीच्या लाडिक आवाजात म्हणाली आणि खुर्चीतून खाली वाकून दिसेनाशी झाली. दोघींचा हा रोजचा खेळ होता. लेक हसत खाली उतरली आणि आजीला शोधायला सोफ्याकडे धावली. तेवढ्यात तिच्या टाचांपासून वीतभर अंतरावर सगळं कपाट देवघरासकट कोसळलं.

मी धावत आत गेले आणि अनवाणी पाय देवघरातल्या तसबिरीच्या फुटलेल्या काचेवर पडला. मी किंचाळले आणि खालीच बसले. लेक रडत होती, पण तिला साधं खरचटलंही नव्हतं. मी तिला इतकं घट्ट धरलं की ती अजूनच रडायला लागली. नवरा जिन्यावरून उड्या मारत आला. पायातून रक्त थांबेना, मग डॉक्टर, मग टाके. टॅबलेट या सगळ्यात कधीतरी जमिनीवर पालथा पडला होता. बऱ्याच उशिरा, घरी परतल्यावर, मला आईची आठवण झाली. मी फोन करून म्हणाले, ‘‘आई, बाळ ठीक आहे, काळजी करू नकोस.’’ पायाचं तिला मुद्दामच सांगितलं नाही. लांबून उगाच जीव टांगणीला कशाला लावायचा, असा माझा हिशोब होता.

दुसऱ्याच दिवशी नवऱ्याने घरमालकाला न विचारता भिंतीला भोकं पाडली. देवघर खाली आलं. आणि पुढच्या गुरुवारी आईचा निरोप आला, उद्या मला जमणार नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तिला जमलं नाही.

मग तिने सांगूनच टाकलं. ‘‘ती ड्युटी मला नको. तिथं मला हात नाहीत, नुसते डोळे आहेत.’’

रविवारी नवरा घरात असताना ती पाच मिनिटं बोलायची, तेवढंच. लेक शुक्रवारी उशी लावून सोफ्यासमोर बसायची आणि ‘आजी’ म्हणून मला टॅबलेट आणून द्यायची. ते बघून मला गलबलून यायचं, आणि मग आईचा रागही यायचा. मी तिला पुन्हा पुन्हा सांगायची, अगं, तुझ्यामुळे तर ती वाचली. माझ्या मनाने घेतलं होतं की नातीला काही झालं असतं तर, या विचाराने ती खचली आहे. मी जितकी तिची बाजू घ्यायची तितकी ती विषय बदलायची, नाशिकला भाजी किती महागली ते सांगायची. तिला आपण कायमचं तोडलं की काय, अशी भीती मला वाटायला लागली. इथे आम्हाला तिच्याखेरीज होतंच कोण?

शेवटी एका शुक्रवारी मीच फोन लावला. गॅस बंद ठेवला, टॅबलेट समोर उभा केला आणि लेकीला मांडीवर घेऊन जमिनीवर बसले. ‘‘मी कुठे जाणार नाहीये,’’ म्हटलं. ‘‘तू नुसती गप्पा मार. नातीची काळजी माझ्यावर सोड.’’

‘‘तिची काळजी नव्हतीच मला,’’ आई म्हणाली.

मला कळेना.

‘‘मी वाकलेली परत वर आले तेव्हा ती समोरच उभी होती. धडधाकट होती, मला दिसत होती ना. मग तुझी किंकाळी ऐकू आली आणि सगळं काळं झालं. मला वाटलं, पोरीला वाचवायला गेलीस आणि तुझ्या अंगावर काही आलं. फोन उचलेना कोणी. आणि मग एवढ्या वेळाने फोन करून तू काय सांगितलंस? बाळ ठीक आहे. तू कशी आहेस ते सांगितलंच नाहीस. तेव्हापासून बघतेय, दर वेळी बसूनच बोलतेस.’’

मी म्हणाले, मला काही झालेलं नाही.

‘‘मग उठ आणि जरा चालून दाखव.’’

मी उठले. डावा पाय अजून पुरता टेकत नव्हता, ते लपवायचा प्रयत्न केला नाही. खिडकीपर्यंत गेले, परत आले. लेकीला गंमत वाटली आणि तीही लंगडत माझ्या मागे चालू लागली, ‘‘कैक, आजी,’’ म्हणजे बघ, म्हणून ओरडायला लागली. पण आई तिच्याकडे बघत नव्हती. ती डोळ्याला पदर लावून माझ्याच पायांकडे बघत होती. ‘‘अजून एकदा,’’ ती म्हणाली.