कॉम्प्युटरमधला खोटा पहारेकरी

कॉम्प्युटर भोंग्यासारखा कोकलत होता. पडदा लालभडक झाला होता आणि काकाजी पलंग व खुर्चीच्या मधे आडवे पडले होते, तोंड एका बाजूला वाकडं. टेबलावरच्या मोबाईलमधून कोणीतरी हिंदीत विचारत होतं, "सर, पेमेंट हुआ क्या?" मी "हॅलो" म्हणताच फोन कटला.

शेजारणीनं ठाण्यात कळवलं होतं, "मॅडम, काकाजीच्या घरी सायरन वाजून राह्यला, अन् दार कोणी उघडत नाई." आम्ही कडी तोडून आत शिरलो होतो. पिपरी मेघे हे गाव माझ्या पोलीस बीटमध्ये होतं. आता निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण ती खोली अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

काकाजींना दवाखान्यात पोचवलं; अर्धांगाचा झटका होता. कॉम्प्युटरची तार मी आधीच उपटली होती. पंचनामा करून यंत्र ताब्यात घेतलं.

दोन दिवसांनी दवाखान्यात जबाब घ्यायला गेले. काकाजी हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरी केलेले, बायको आदल्या वर्षी वारलेली. काकूंनी म्हटलेली, काकाजींनी मोबाईलवर टिपलेली भुलाबाईची गाणी मुलानं त्या कॉम्प्युटरमध्ये भरून दिली होती. रोज संध्याकाळी ते ती ऐकत. त्या दिवशी पडद्यावर सूचना आली, की व्हायरस आला आहे, या नंबरवर फोन करा. आणि गाणी दिसेनाशी झाली. फोनवरचा म्हणाला, पैसे भरा, सगळं परत येईल. काकाजींनी धडपड केली, पैसे जाईनात, भोंगा थांबेना.

"किती मागितले?" मी विचारलं.

"ते मरू दे. तिचा आवाज आहे का, ते सांग."

मी म्हटलं, तपास चालू आहे.

ते जड जिभेनं म्हणाले, "फोनवरचा पोरगा वाईट नव्हता, बाई. मधेच विचारलं त्यानं, जेवले काय काकाजी?"

"हिंदीत?"

"नाई. आपल्यासारखंच."

माझी लेखणी थांबली. परमुलखातला ठग 'सर' म्हणेल, 'अंकल' म्हणेल. म्हाताऱ्या माणसाशी बोलताना जेवणाचं विचारल्याशिवाय ज्याला राहवत नाही, तो आपल्याच भागातला. अशा माणसाला या कॉम्प्युटरची माहिती कुठून? काकाजींकडून कळलं, त्यांनी तो थोड्याच दिवसांपूर्वी एका दुकानात दुरुस्तीला दिला होता. दुकानदारानं त्यात 'सिक्युरिटी' फुकट टाकून दिली होती.

दुकानदाराला ठाण्यात बोलावलं. चाळिशीचा, गोडबोल्या. माझ्याशी मुद्दाम हिंदीत बोलत होता, "मॅडम, वायरस तो सबको आता है." मी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. समोर बसून माझी कामं करत राहिले. दुपार कलली. तो चुळबुळायला लागला. शेवटी न राहवून म्हणाला, "मॅडम, तुम्ही जेवल्या नाई अजून?"

मी मान वर केली. "काकाजीलेही हेच विचारलं होतं ना तू?"

त्याचा चेहरा उतरला. मग म्हणाला, "म्हातारा एकटाच होता, मॅडम. निघून गेलं तोंडातून." ज्या नंबरवरून बोलला ते सिमकार्ड दुकानाच्या गल्ल्यात सापडलं. फुकटची सिक्युरिटी हीच मुळात चोर होती. व्हायरस नव्हताच.

सायबर शाखेतल्या हवालदार बाईंनी यंत्रातल्या डिस्कची आधी हुबेहूब प्रत काढली. त्या प्रतीवर, इंटरनेट न जोडता, त्यांनी सेफ मोडमध्ये, म्हणजे यंत्र फक्त गरजेपुरतं चालू करून, तो प्रोग्राम काढून टाकला, खऱ्या अँटिव्हायरसनं सगळं तपासलं. मग मला म्हणाल्या, "गाणी मिटवली नाई त्यानं, मॅडम. लपवली फक्त." लपवलेल्या फाइली दाखवायची एक खूण असते, ती केली आणि गाणी पुन्हा रांगेत उभी राहिली.

एक गाणं मी मोबाईलवर घेऊन दवाखान्यात गेले. काकूंचा आवाज काही गोड नव्हता. अर्ध्यावर गाणं तोडून त्या ओरडल्या, "अहो, बंद करा न ते आता, भात लागून राह्यला!"

"करतो," काकाजी म्हणाले, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

लोक मला विचारतात, खोटं कसं ओळखायचं? खरी सिक्युरिटी भोंगा वाजवत नाही, फोन नंबर देत नाही, घाई करत नाही. असं काही दिसलं तर नंबर लावू नका, पैसे भरू नका, इंटरनेट तोडा आणि जाणत्याला दाखवा. एवढं पाठ करता येतं. पण रिकाम्या घरात कोणी जेवलात का म्हणून विचारलं, तर माणूस विश्वास ठेवतो. काकाजींना मी मूर्ख म्हणणार नाही. माझे यजमान गेल्यापासून मलाही घरात हे कोणी विचारत नाही, आणि त्यांचा आवाज आम्ही कुठेच भरून ठेवला नाही.

दुकानदाराला शिक्षा झाली. काकाजी वाचले. उजवा हात गेला. गाणी डाव्या हातानं लावतात.