खुंट, डोळा आणि प्रमिलाताई

सौसरच्या शाळेत गणिताचा शिक्षक म्हणून रुजू झालो, त्या दिवशी स्टाफरूमच्या दारातच प्रमिलाताई कळंबे यांनी मला अडवलं. चष्म्यावरून नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तुम्ही तिगावच्या पाटलांचे चिरंजीव ना? मान वाकडी करून चालायची ही तऱ्हा त्यांचीच." मी पांढुर्ण्याचा. वडील कापडाच्या दुकानात होते. मान वाकडी झाली होती ती बसमध्ये डुलकी लागल्यामुळे. हे ऐकल्यावर ताई खळखळून हसल्या, आणि मधल्या सुट्टीत सगळ्या स्टाफला स्वतःच सांगून आल्या की आज मी सपशेल तोंडावर पडले. मुख्याध्यापकांसमोर सुद्धा! नोकरीत राहून आपली चूक आपल्या तोंडाने सांगणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. त्याच दिवशी त्यांच्याबद्दल आदर वाटू लागला, तो आज त्या पंच्याहत्तरी पूर्ण करत असताना वाढलेलाच आहे.

ताई जीवशास्त्र शिकवत. पुस्तक हिंदीत, पोरांची घरं मराठी, अशी आमच्याकडची रीत. पुस्तकात "जीन" हा शब्द आला की पोरांच्या डोळ्यांपुढे कपाशीची सरकी काढायचा कारखानाच येई, कारण आमच्याकडे जीन म्हणजे तोच. एकाने तर परीक्षेत लिहिलं होतं की जीनमध्ये आईबापाचे गुण वेगळे काढून गाठी बांधतात. ताईंनी त्याला अर्धा गुण दिला. "पुरता चुकला नाही बिचारा," म्हणाल्या.

पण "अप्रभावी गुण" या शब्दावर मात्र त्या अडल्या होत्या. अप्रभावी म्हणजे कुचकामी, असं पोरं समजत. म्हणून ताईंनी स्वतःचा शब्द काढला, मुका गुण. अंगात असतो, पण बोलत नाही. आईकडून एक मुका आणि बाबाकडून एक मुका, असे दोन एकत्र आले की मग बोलतो. हे वाक्य अकरावीच्या वर्गात उच्चारल्यावर काय झालं असेल, ते मराठी वाचकाला सांगायला नको. माझा वर्ग भिंतीपलीकडे होता. माझा भूमितीचा तास त्या हास्यात वाहून गेला. मी तक्रार घेऊन गेलो तर ताई म्हणतात, "हसू द्या ना सर. आता मरेपर्यंत विसरणार नाहीत." खरंच विसरले नाहीत. आज पन्नाशीला आलेले व्यापारी मला बाजारात भेटतात आणि दोन मुक्यांची गोष्ट सांगतात. माझा पायथागोरस मात्र एकालाही आठवत नाही, याचं मला थोडं वाईट वाटतं.

ताईंची दुसरी आवडती उपमा संत्र्याची. आमच्या भागात जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याच्या फांदीचा डोळा बांधून कलम करतात. मुळं जंबेरीची, पण फळ संत्र्याचं येतं. ताई शिकवत, की बघा, फळाचा गुण डोळ्यात असतो, खुंटात नाही. शेतकऱ्यांच्या पोरांना ते चटकन पटे. या उपमेने पुढे एका घराचा संसार मोडायची वेळ येईल, असं कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

रामाकोन्याजवळचा दिलीप हा ताईंचा जुना विद्यार्थी. घरची संत्र्याची बाग. त्याची पाच वर्षांची लेक अश्विनी वरचेवर तापाने फणफणायची, हातपाय दुखून रडायची. नागपूरला नेलं तेव्हा कळलं, सिकलसेल आहे. रक्ताचा आजार, आईबापांकडून आलेला. घरात ठरलं की दोष सुनेचा, वनिताचा. दिलीपच्या आई गिरजाबाई यांनी वनिताच्या भावाला निरोप धाडला, बहिणीला आणि भाचीला घेऊन जा. दिलीपसाठी दुसरी मुलगी पाहायची बोलणीही सुरू झाली. ताईंच्या कानावर हे आलं आणि रविवारी सकाळी त्या माझ्या दारात उभ्या. "सर, स्कूटर काढा."

आम्ही पोचलो तेव्हा वनिता ओसरीवर बांधलेल्या गाठोड्याजवळ बसली होती, लेक मांडीवर. दिलीपने ताईंच्या पाया पडून वर त्यांनाच ऐकवलं, "मॅडम, तुमीच त शिकवलं होतं. डोळा आमचा, तो चांगलाच हाये. खुंटाले डिंक्या रोग लागला तर झाड वाळतेच ना?"

ताईंचा चेहरा एकदम उतरला. त्यांना मी असं कधी पाहिलं नव्हतं. बाईला खुंट समजायचं, हे त्यांच्या वर्गातून शिकून गेलेला मुलगा बोलत होता! त्या खाटेवर बसल्या आणि स्पष्ट म्हणाल्या, "दिलीप, चूक माही हाये. म्या अर्धीच गोष्ट सांगितली. माणसाचं कलम नाही होत रे. माणूस बीपासून होते, अन् बी दोघांचं असते. अर्धं तुहं, अर्धं हिचं. हा आजार दोन मुक्यांशिवाय होतच नाही. एक तुह्याजवळ हाये."

"आमच्या वाणात असं काही नाही, मॅडम."

"मंग तपासून घे. अन् न तपासता दुसरी आणशील, तरी तुहा मुका तुह्यासंगच राहीन. तिच्याजवळ बी असला तर?"

गिरजाबाई आतून कडाडल्या, "आमच्या घराले डाग लावून राहिली का बाई तू?"

ताईंनी आवाज चढवला नाही. त्यांनी जे सांगितलं ते मीही तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं. या गुणाचा एकच मुका अंगात असला, तर माणूस आजारी तर पडत नाहीच, उलट हिवतापाशी त्याचं शरीर जास्त झुंजतं. म्हणून तर तो गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला. "हा डाग नोहे, मावशी. तुमचा कोणी पणजा-खापरपणजा जंगलातल्या हिवतापात यानंच वाचला असन. त्याचं नाव बी आता कोणाले ठाऊक नाही, पण खूण ठेवून गेला तो."

तरी दिलीप हलेना. मग वनिताच बोलली, पहिल्यांदा आणि एकदाच, "मी जातो माहेरी. पण याईनं रक्त दिल्यावर जाईन. माही लेक कोणाची हाये, ते कळू द्या." दिलीपने पायात चपला घातल्या.

रविवारी दवाखाना बंद, म्हणून सोमवारी सौसरच्या दवाखान्यात दिलीपचं रक्त घेतलं. तपासणीचा निकाल आला तेव्हा आम्ही पुन्हा त्यांच्या घरी होतो. एक मुका होताच. गिरजाबाईंनी विचारलं, "याले कोठून आला?" ताई म्हणाल्या, तुमच्याकडून, नाहीतर मालकांकडून. मालक वारले होते. त्यांच्या नावावर ढकलून मोकळं होणं किती सोपं होतं. पण त्या बाईने बांगड्या मागे सारल्या आणि हात पुढे केला. "माहं बी घ्या."

खूण गिरजाबाईंचीच निघाली. त्या दिवशी त्यांनी सुनेचं गाठोडं स्वतःच्या हातांनी सोडलं. एकेक लुगडं घडी घालून परत ठेवत म्हणाल्या, "पोरी, तुले माहेरी धाडाले निंगाली होती मी. अन् माहंच माहेर तुह्या लेकीच्या रक्तात निंगालं." वनिता रडली, गिरजाबाई रडल्या, आणि माझ्यासारखा कोरडा गणितवाला डोळे पुसायला बागेत जाऊन उभा राहिला.

त्यानंतर ताईंनी संत्र्याची उपमा टाकली नाही. खुंट-डोळा सांगून झाल्यावर प्रत्येक वर्गात त्या दिलीपचं नाव न घेता सांगत, की याच उदाहरणात मी एकदा चुकले होते, कुठे ते तुम्ही शोधा. निवृत्तीनंतर तर त्या गावोगावच्या लग्नाच्या बैठकांत बोलावल्याविना जाऊ लागल्या. लोक पत्रिका काढत आणि ताई म्हणत, आधी दोघांचं रक्त पाहू. काही घरांतून पाणीही न विचारता त्यांना वाटेला लावलं गेलं. "लावू द्या. चार दिवसांनी त्यांचीच पोरगी चुपचाप तपासून येते," असं म्हणून त्या दुसऱ्या गावाची बस धरत. हा स्वभाव त्यांना आईकडून आला की वडिलांकडून, ते विचारायचं राहून गेलं.

अश्विनी आता बावीस वर्षांची आहे. औषधं नेमाने चालू आहेत, पाणी भरपूर पिते, कधी दुखणं उचल खातं आणि पुन्हा बसतं. पांढुर्ण्याला कॉलेज केलं, आता तिच्यासाठी स्थळं येत आहेत. हा लेख लिहायचा म्हणून परवा मी रामाकोन्याला गेलो होतो. गिरजाबाई थकल्या आहेत, पण आवाज तसाच खणखणीत. ताईंसाठी काही निरोप द्यायचा का, असं विचारलं. म्हणाल्या, "सांगा त्याईले, पोराचं रक्त त्याईनं सोता पाहिल्याबिगर माह्या नातीची सुपारी फुटनार नाही."

तेव्हा ताई, आम्हा साऱ्यांच्या वतीने उदंड आणि निरोगी आयुष्य मागतो. तब्येत सांभाळा. पोरीचं लग्न तुमच्यावाचून अडलं आहे.