शिवाप्पामामांची पाळी

मामा गेल्याचा निरोप मला उदगीरला मिळाला. भालकीच्या वाटेवर डोक्यावर ओझं असतानाच ते खाली बसले आणि पुन्हा उठले नाहीत, एवढंच निरोप्या सांगू शकला. मेहकरातला जमीनदार माणूस वेठीच्या ओझ्याखाली कसा मरतो, हे त्याला उमजत नव्हतं. मला उमजत होतं...

हैद्राबाद संस्थानच्या कायदेमंडळाची निवडणूक झाली, तेव्हा मेहकरात मताचा हक्क जमीनवाल्या सहा जणांनाच होता. शिवाप्पामामा त्यांतले एक. एका नव्या पक्षाचे वकील उमेदवार गावात येऊन म्हणाले, आम्ही निवडून आलो तर वेठ बंद. वेठ म्हणजे अंमलदार आला की त्याचं सामान पुढच्या मुक्कामापर्यंत फुकट वाहायचं, घरटी पाळी लागलेली. मामांनी स्वतः मत दिलंच, बाकीच्यांनाही घरोघर जाऊन राजी केलं. वकील निवडून आले, तेव्हा गूळ वाटला तो मत नसलेल्या मारुती धनगरानं.

वर्ष सरलं, वेठ चालूच. मामा हैद्राबादला जाऊन आले. वकिलांनी चहा पाजला, धीर धरा म्हणाले. ज्या सरकारी मंडळींच्या जोरावर वेठ चालायची, त्यांच्याच बाजूला ते आता कायदेमंडळात बसत होते. गावानं मामांना बोल लावला नाही. फक्त त्यांच्या ओसरीवर येणं सोडलं.

मग तापानं फणफणलेल्या मारुतीला पाळीवर नेलं. चौथ्या दिवशी तो गेला. मामा भेटायला गेले, तर त्याची बायको गंगू शांतपणे म्हणाली, "आमाला मत न्हवतं, अप्पा. आमी तुमच्या मतावर इस्वास ठिवला."

पुढच्या पाळीला मारुतीच्या घराच्या वतीनं मामा चावडीवर उभे राहिले, आणि त्यानंतर दर पाळीला. मी एकदा विचारलं, "कामून करायलाव हे, मामा? वय बघा की."

"मी न्हाई गेलो तर गंगूला नेतेत," ते म्हणाले.

मामांच्या तेराव्याला बाकीचे पाचही मतदार ओसरीवर आले, किती दिवसांनी... तेवढ्यात चावडीवरून गंगूच्या पाळीची हाक आली. मामीनं खुंटीवरची, ओझ्याखाली डोक्यावर ठेवायची मामांची चुंबळ काढून आमच्या मधोमध ठेवली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मीही घातली. गंगू एकटीच गेली.

महिना झाला. मामी ती चुंबळ तिथून कुणाला हलवू देत नाही. ओसरीवर येणाऱ्याला त्या चुंबळीला वळसा घालूनच बसावं लागतं.