पडद्याच्या दोन्ही बाजूंना

तुम्ही कधी सिनेमाच्या कॅमेऱ्यापुढे श्वास रोखून उभी राहिलेली माणसं पाहिली आहेत का? मी पाहिली आहेत! दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत आमचे हे वाशीमकडच्या गावांत माहितीपट काढत हिंडायचे. वेठबिगार, विहिरीचं पाणी, असले विषय. मी रिळांची पेटी सांभाळायची. पेटीत रिळं कमी आणि किस्सेच जास्त जमले.

*

मेडशीजवळ रस्त्याच्या कामावर माणसं वेठीला धरली होती. यांनी कॅमेऱ्याला चावी दिली आणि सगळेच्या सगळे टिकाव खांद्यावर घेऊन पुतळ्यासारखे थांबले!

“अहो, काम करा ना!” हे ओरडले.

एक म्हातारा ओठ न हलवता म्हणाला, “हाललं तं फोटो बिघडते, साहेब!”

अर्धा तास वेठ बंद. मुकादमसुद्धा मिशीला पीळ देऊन उभा!

*

धनजच्या वाटेवर एका फौजदाराला संशय आला. त्याने न धुतलेली फिल्म डब्यातून ओढली, उन्हात धरली, एक डोळा मिटून बारकाईने पाहिली.

“यात तं काईच नाई! जा.”

उजेड लागला, आठ दिवसांची मेहनत गेली. मला रडू फुटलं. हे म्हणाले, “अगं, सरकारने पास केलेली आपली ही पहिलीच फिल्म!”

*

कामरगावच्या पलीकडे एका खेड्यात सखूबाई भेटली. अस्पृश्य म्हणून तिला विहिरीला हात लावायची बंदी. कुणाला दया आली तर वरून घागरीत पाणी ओतायचं, नाहीतर ती उभीच!

यांनी विचारलं, “तुझं हे उभं राहणं काढू का?”

“सिनेमात तरी पाणी भेटन का मले?”

“नाही. जे आहे तेच दिसेल.”

“मंग कायले काढता?”

यांनी कॅमेरा खाली घेतला. तीच म्हणाली, “काढा. पन पुरं काढा, अर्धं नोका काढू.”

*

महिन्याभराने तोच माहितीपट आम्ही दिवेलागणीला त्याच गावात दाखवला. दोन कडुलिंबांमध्ये पडदा म्हणून धोतर ताणलं. पुढे गाव बसलं, मागे सखूबाईची वस्ती. चित्र दोन्हीकडून दिसे, फक्त मागून उलटं.

पडद्यावर विहीर आली. “अवं, हे तं आपली शेवंता!” हशा, शिट्ट्या! बायका येत होत्या, शेंदत होत्या, जात होत्या. सखूबाई उभी. अजून उभीच. हशा थांबला.

पुढच्या रांगेतून पाटलीणबाई कळवळून ओरडल्या, “अवं, काहून उभी ठेवली तिले? ते पाठमोरी भरली घागर घेऊन चालली, तिले सांगा ना कोनी!”

पडद्यामागून सखूबाईचा आवाज आला, “बाई, ते तुमीच होय!”

नुसता प्रोजेक्टर खरखरत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलीणबाईंनी विहिरीवरची दोरी सखूबाईच्या हातात दिली, आणि सखूबाईने आपली घागर आपल्या हाताने शेंदून भरली.