आवाज बंद केलेली मोपेड

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि दुष्काळ होता. आमच्या गल्लीतला मिस्त्री मोपेडच्या इंजनाला कान लावायचा, कार्बोरेटरचा स्क्रू किंचित फिरवायचा आणि म्हणायचा, "आता लई वढंल बघा, गुरुजी." माझी मरतुकडी गाडी खरंच चढ चढू लागली. स्वतःची मात्र तो कधीकधी गल्लीच्या तोंडाशीच बंद करी आणि पाण्याचे रिकामे डबे लटकवून, धापा टाकत पायडल मारी. मला कोडंच पडायचं. एकदा विचारलं, "बिघडली का?"

"न्हाई जी. आवाज आला की माय घागर घेऊन दारात येती. आज पाणी मिळालं न्हाई."

मी गाडीला मागून हात लावला आणि नुसता ढकलत राहिलो.