अत्तैंनी मागितलेली माफी

माझ्या सासूबाईंना मी अत्तै म्हणते. तंजावुरात सासूला तसंच म्हणतात. माझं माहेर राजवाड्यामागच्या मराठी गल्लीतलं, सासर तमिळ ख्रिस्ती. लग्नानंतर मी चर्चमध्ये जाऊ लागले ती अत्तैंच्या मागून.

दर शुक्रवारी संध्याकाळी आमच्या ओसरीवर बायकांची प्रार्थना असे. अत्तै एक उतारा वाचत. मग जिला जे सलत असेल ते ती बोले आणि बाकीच्या तिच्यासाठी प्रार्थना करत. उपदेश नाही. गुडघे दुखायचे तरी अत्तै चटईवरच बसत.

एकदा एक तरुण बाई बोलता बोलता थांबली आणि तिनं पदर बाजूला केला. दंडावर काळेनिळे वळ. नवरा मारत होता, आणि तो आमच्या चर्चच्या मंडळीच्या पंचांपैकी एक. अत्तैंनी प्रार्थना केली, आमेन म्हटलं आणि तिला सांगितलं, "आज घरी जाऊ नकोस. इथंच राहा."

दुसऱ्या दिवशी चर्चचे पाळक आले; त्यांना इथं सगळे आदरानं अय्या म्हणतात. नवेच होते, वयानं माझ्याएवढे. कॉफीला हात लावला नाही.

"मला न विचारता तुम्ही एक संसार मोडलात," ते अत्तैंना म्हणाले. "मंडळीचा अधिकार देवानं मला दिलाय. तुम्ही नम्रता शिका. रविवारी सगळ्यांपुढे माफी मागा."

मला राहवलं नाही. "तिचा दंड पाहिलात का तुम्ही?"

"तुम्ही बाहेरून आलात. तुम्हाला हे कळणार नाही."

बाहेरून! आमच्या लोकांना या गावात येऊन शतकं लोटली, तरी हा शब्द पाठ सोडत नाही. मी म्हटलं, "बाहेरून आले म्हणूनच तुमच्या ख्रिस्ताबद्दल नीट कान देऊन ऐकलं. त्यानं मारणाऱ्याची बाजू घेतल्याचं मला अजून कुणी वाचून दाखवलेलं नाही."

रविवारी उपासना संपताना पाळकांनी अत्तैंना पुढं बोलावलं. त्या मुकाट्यानं निघाल्या. वाटलं, आता या वाकणार.

अत्तैंनी माइक घेतला. "ही पोर कित्येक वर्षं आपल्यात बसत होती आणि मला तिचं दुखणं दिसलं नाही. मी तिची माफी मागते." तिच्याकडे वळून त्यांनी हात जोडले. मग पाळकांना म्हणाल्या, "तुमची माफी मागावी असं माझ्या हातून काही घडलेलं नाही, अय्या."

पाळकांनी घाईघाईनं शेवटचं गीत सुरू केलं.

त्यानंतर अत्तैंना चर्चमध्ये बायबल वाचायची पाळी मिळाली नाही. शुक्रवारी येणाऱ्या निम्म्या बायकांना नवऱ्यांनी घरी बसवलं. उरलेल्या येतात. ती बाई काही महिने आमच्याकडे राहिली. आता शिवणाच्या दुकानात काम करते, खोली घेऊन राहते.

नवरा मात्र अजून पंचच आहे. माझा बाप्तिस्मा झालेला नाही, त्यामुळे मंडळीच्या सभेत मला मत नाही. तोंड आहे. तो पंच कसा, हे मी प्रत्येक सभेत विचारते. पाळक म्हणतात, "बसा." मी बसत नाही.