गनवाला लाहू

लाहू कामाला लागला की घर रिकामं व्हायचं. खिडक्या लागायच्या, सुकत घातलेले कपडे आत जायचे, म्हातारी माणसं शेजारी नेऊन बसवली जायची, आणि जाता जाता कोणीतरी दुरूनच ओरडायचं, "झालं की फोन कर हां!" दोष त्यांचा नाही, कामच तसं. हातात एक छोटी गन, तिच्यावर दाण्याचा डबा, मागे नळी आणि नळीच्या टोकाला कॉम्प्रेसर. खटका दाबला की हवेच्या जोरावर रेतीसारखा बारीक, कठीण दाणा सुटतो आणि जुना रंग, गंज, जे काही असेल ते सोलून काढतो. आवाज असा की कुत्रीसुद्धा गल्ली बदलतात. लाहू स्वतः काचेचं टोपडं घालून त्या धुळीत उभा असायचा. डहाणूतल्या कितीतरी घरांच्या जाळ्या नि कपाटं त्याने नवी करून दिली असतील, पण त्या घरच्यांना त्याचा चेहरा विचारा, सांगता येणार नाही.

लाहू उधव्याकडच्या आदिवासी पाड्यावरचा. उंबरगावच्या एका वर्कशॉपात अठरा वर्षं त्याने लोखंडी टाक्यांवर हेच काम केलं. २०१४ साली वर्कशॉप बंद पडलं, तेव्हा शेठने ही छोटी गन त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "ले लाहू, भूख्यो नहीं मरे." शेठचं बोलणं खरं ठरलं. लाहू उपाशी काही राहिला नाही. पण माणूस भुकेशिवाय आणखीही कशाकशाने झिजतो, ते शेठला कुठून ठाऊक असणार?

पुढच्याच वर्षी त्याची बायको रूपी तापाने गेली. मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी जीपमधून उतरून लाहू घरी यायचा, कोंबड्या झाकायचा आणि त्यांच्याशीच दोन शब्द बोलायचा. अठरा वर्षांच्या आवाजाने कान अर्धे गेलेले, त्यामुळे बोलायचा तेही ओरडून. पाड्यावरचे हसायचे, म्हणायचे, लाहू कोंबड्यांशी भांडतो.

डहाणूला तेव्हा जुन्याचं नवं करायचं वारं सुटलं होतं. पहिल्याच कामात लाहूने हात दाखवून अवलक्षण केलं. किनाऱ्यावर ढिगाने रेती पडलेली असताना वापीहून दाण्याच्या गोणी कशाला आणायच्या, असा त्याचा हिशेब. रेती चाळली, उन्हात वाळवली आणि खिडकीच्या जाळीवर मारली. जाळी चांदीसारखी निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर सगळी नारिंगी! रेतीतलं मीठ लोखंडात बसलं होतं. ते काम त्याने पदरमोड करून पुन्हा केलं. घरवाले तेव्हाही घरात नव्हतेच, त्यामुळे शिव्याही फोनवरच खाल्ल्या.

२०१७ च्या दिवाळीनंतर त्याला नयनचा फोन आला. नयन नवी मुंबईत नोकरीला, आणि त्याची आई चंद्रावती डहाणूच्या किनाऱ्यालगतच्या घरात एकटी. घराच्या दोन खोल्या शनिवार-रविवार पाहुण्यांना द्यायच्या असं नयनच्या मनात होतं. "दाराचा रंग पूर्ण काढ," तो म्हणाला, "खाली सागवान आहे. फोटोत उठून दिसलं पाहिजे."

दार दोन फळ्यांचं, निळं. कॉम्प्रेसर भाड्याने देणाऱ्या नविनने नेहमीप्रमाणे मशीन उतरवलं आणि पळ काढला. चंद्रावती मात्र ओट्यावर बसून होती, सत्तरीची, बारीक चणीची.

"मावशी, शेजारी जाऊन बस," लाहू ओरडला. "धूळ उडेल."

"ओरडतो कशाला? वारा कुठून येतो ते तू मला शिकवणार?" ती म्हणाली आणि चार हात सरकून बसली. खरोखर तिच्या अंगावर कणभर धूळ आली नाही. दुपारी वारा फिरला, तशी तीही पाट उचलून ओट्याच्या दुसऱ्या टोकाला गेली. लाहूच्या एवढ्या वर्षांच्या धंद्यात कामाजवळ बसून राहिलेलं हे पहिलंच माणूस.

लाकडावर गन जपून मारावी लागते. जोर जास्त झाला की मऊ लाकूड खाल्लं जातं आणि नुसत्या रेघा उभ्या राहतात. म्हणून लाहूने हवा कमी ठेवली. निळा निघाला, खाली हिरवा लागला. त्याने गन थांबवून टोपडं काढलं, तेवढ्यात चंद्रावती म्हणाली, "हा नयनच्या बारावीचा."

लाहूला कळेना.

"दाराला कोण विकतचा रंग आणतो?" ती म्हणाली. "नारळी पुनवेआधी होडी रंगवायची, डब्यात उरला तो रंग दाराला. जी होडी तेच दार. निळा शेवटचा. त्या वर्षी नयनचा बाप गेला, होडी विकली. मग रंग कुठून येणार?"

हिरव्याखाली पिवळा निघाला. त्या वर्षी भिकाने, म्हणजे नयनच्या बापाने, स्वस्तातला रंग आणला होता. गणपती आले तरी तो वाळेना, येणाऱ्याजाणाऱ्याची पाठ पिवळी. सांगताना चंद्रावती एवढी हसली की तिला ठसका लागला. लाहूही हसला. किती दिवसांनी हसलो, असं त्याचं त्यालाच वाटलं.

मग लाहू काय करायचा? हवा आणखी कमी करायचा. दोन दिवसांत उरकेल ती एक फळी त्याने चार दिवस चालवली. एक थर काढायचा, कॉम्प्रेसर बंद करायचा, टोपडं काढून ओट्यावर बसायचं. ती चहा आणायची आणि त्या रंगाचं वर्ष सांगायची. एका वर्षी होडी तीन दिवस आली नव्हती, एका वर्षी पापलेट ठेवायला टोपल्या पुरल्या नव्हत्या. ती सांगायची आणि बहिऱ्या कानाचा लाहू तिच्या तोंडाकडे बघत ऐकायचा. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "घरी कोण तुझ्या?" लाहू म्हणाला, "कोंबड्या हायेत." दुसऱ्या दिवशी तिने डब्यातून सुक्या बोंबलाची चटणी आणून त्याच्या भाकरीवर घातली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी उजवी फळी लाकडावर आली. साग खरोखर देखणा होता. चंद्रावती उठून जवळ आली आणि तिने फळीवर हात फिरवला.

"लाहू," ती म्हणाली, "पिवळा हिरव्याच्या आधीचा ना रे? का नंतरचा?"

परवा परवाच तर हिने सांगितलं होतं. त्याने डाव्या फळीच्या कडेला, जिथे रंगाचा टवका उडाला होता, तिथे बोट लावलं. निळा, हिरवा, पिवळा, त्याखाली लाल.

"हां, हां," ती म्हणाली. "बघितलं की आठवतं. उद्या हीपण निघेल. चांगलं आहे. पोराला पाहिजे तसं होईल." आणि पदराने डोळे पुसून आत गेली.

त्या रात्री घरी लाहूला झोप आली नाही. डावी फळी म्हणजे आणखी चार दिवस. चार दिवस चहा, चार दिवस कोणीतरी आपल्याला बघून बोलणार. त्याला ते चार दिवस हवे होते, अगदी लहान पोराला खाऊ हवा असतो तसे हवे होते. आणि ते दिवस घेतले, तर म्हातारीचं सगळं आयुष्य धूळ होऊन गल्लीत उडणार होतं, तेही आपल्या हाताने.

सकाळी ओट्यापाशी उभं राहूनच त्याने नयनला फोन लावला. "साहेब, डावी फळी आतून कुजलीय. रंगानेच धरून ठेवलीय. गन मारली तर भोक पडेल."

"मग? एक फळी लाकडाची नि एक निळी?"

"मोठ्या लोकांच्यात हल्ली तशीच फॅशन हाय म्हणतात," लाहू म्हणाला. आयुष्यात त्याने एवढ्या सफाईने थाप मारली नव्हती. रंग तसाच ठेवा, हात लावू नका, दार आपल्यापेक्षा जास्त जगेल, असंही सांगून टाकलं. नयनने थोडा विचार केला आणि बरं म्हणाला.

लाहू नळी गुंडाळायला लागला. चंद्रावतीने डाव्या फळीवर टकटक करून पाहिलं. फळी ठणठणीत वाजली. होडीवाल्याची बायको ती, कुजलेलं लाकूड तिला कळत नाही होय? पण तो निघताना ती एवढंच म्हणाली, "ये कधी. चहा पिऊन जा."

"हां," लाहू म्हणाला.

त्यानंतर वर्षभरात तो कितीदा तरी डहाणूला आला. पण काम नसताना कोणाच्या दारात जाऊन बसायचं कसं, हे त्याला कधी जमलंच नव्हतं. कोण कुठला पाड्यावरचा माणूस, कशाला आला म्हणतील गल्लीतले. आणि तिनेच विचारलं, काय काम काढलंस, तर काय सांगायचं? गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन तो दोनदा परत फिरला.

२०१९ च्या शिमग्याआधी त्याने युक्ती काढली. त्या दिवशी कुठेच काम नव्हतं, तरी गन खांद्याला अडकवली, टोपडं काखेत मारलं आणि गल्लीत शिरला. चंद्रावती ओट्यावर बोंबील निवडत बसली होती. तिच्या मागे अर्धं दार निळं होतं.

"अरे लाहू!" तिचा चेहरा खुलला. मग तिची नजर गनवर गेली. "कुठे, कामाला चाललास?"

नाही मावशी, तुझ्याकडेच आलो, हे त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"हां मावशी," तो म्हणाला. "पुढं हाय काम."

"मग जा बाबा. लोकांना ताटकळत नको ठेवू."

लाहू पुढे गेला. पुढे दोनच घरं होती, दोन्हींना कुलूप, आणि त्यांच्यापलीकडे समुद्र. तिथे वाळूवर तो गन मांडीवर घेऊन बसला, आणि ती आता आत गेली असेल असं वाटेपर्यंत बसून राहिला, कारण परत जायची वाट तिच्याच दारावरून होती.